भावोजींचा अपघात क्लेम आणि मडगावच्या वकीलबाई: पाचातले चार स्टार

मॅडमचं नाव लिहीत नाही. त्यांनीच नको सांगितलं, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे आणि उगाच कोणी तक्रार केली तर निस्तरायला त्यांनाच लागणार. आता नाव नसलेला रिव्ह्यू काय कामाचा असं म्हणाल, पण घरातलं माणूस अपघातात गेल्यावर वकील नेमकं कशाचं काम करतो आणि कशाचे पैसे घेतो हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर सुरुवातीचे दिवस आम्ही आंधळ्यासारखे फिरलो नसतो, म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, शिरोड्याचे. एसी-फ्रिज रिपेअरिंगचं स्वतःचं काम, मडगाव ते कोलव्यापर्यंतची छोटी हॉटेलं आणि लोकांचे व्हिला. वय 38. नोव्हेंबर 2023, संध्याकाळी लोटलीहून बोरीच्या पुलाकडे येत होते, स्कूटरवर, हेल्मेट घातलेलं. समोरून रेंट-अ-कार, काळी नंबरप्लेट पिवळे आकडे, चालवणारा टुरिस्ट, ओव्हरटेक करायला बाहेर आला. बस एवढंच. यापुढचं मी लिहीत नाही, ताई हे वाचणार आहे.

चौदाव्या दिवशी एक माणूस घरी आला. कोणी सांगितलं, कसा आला, आजपर्यंत कळलं नाही. बोलायला एकदम गोड, ताईच्या सासूबाईंच्या पाया पडला, मग म्हणाला पाच लाख दोन महिन्यांत मिळवून देतो, चूक कोणाची ते सिद्ध पण करावं लागत नाही, फक्त इथे इथे सही करा, आणि माझे पंचवीस टक्के. घरात तेव्हा सिलिंडर आणायला पण मी पैसे देत होतो. ताईने पेन हातात घेतलं होतं, खरं सांगतो. मीच म्हटलं उद्या करूया, तेही हुशारी म्हणून नाही, मला ड्युटीवर जायचं होतं म्हणून.

त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसातल्या एकाने या मॅडमचा पत्ता दिला. मडगाव, जुन्या बिल्डिंगीत दुसरा मजला, बाहेर बाकडं, आत फायलींचे ढीग, साईबाबा आणि पंखा दोन्ही एकाच खिळ्याला असावेत अशी अवस्था. इम्प्रेशन काही खास पडलं नाही. मॅडम साठीच्या आसपास, कोकणी-मराठी मिक्स बोलतात, सांत्वन वगैरे फार करत नाहीत, ताई रडायला लागली तर पाण्याचा ग्लास पुढे सरकवून गप्प बसल्या. तिचं रडणं होईपर्यंत घड्याळाकडे बघितलं नाही, हे मात्र मी बघितलं.

त्या पाच लाखांचं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या सही केली नाही ना? मोटर वाहन कायद्यात कलम 164 आहे, त्यात मृत्यूला सरसकट 5 लाख, चूक दाखवायची गरज नाही, इथपर्यंत तो माणूस खरं बोलला. पण ते एकदा स्वीकारलं की कलम 166 खालचा मोठा दावा बाद होतो. म्हणजे तो पंचवीस टक्क्यांसाठी आमचा मोठा दावा मारून पाच लाखांवर आम्हाला वाटेला लावणार होता. शिवाय टक्केवारीवर फी घेणं वकिलाला नियमानेच बंद आहे, निकालावर फी ठरवता येत नाही, त्यामुळे जो कोणी "जे मिळेल त्यातले इतके टक्के" म्हणतो तो एक तर वकील नाही नाहीतर नियम पाळणारा वकील नाही. हे त्यांनी असं सांगितलं जसं भाजीवाली सांगते की हा टोमॅटो कालचा आहे.

दुसरी गोष्ट, जी ऐकून मी खुर्चीतच सावरून बसलो. फी सांगायच्या आधी त्या ताईला म्हणाल्या, तू बाई आहेस, तुला सरकारी खर्चाने फुकट वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. लीगल सर्व्हिसेसचा 1987 चा कायदा, कलम 12, बायकांना उत्पन्नाची अटच नाही. तालुक्याच्या कमिटीत अर्ज करायचा, किंवा 15100 वर फोन. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दुसऱ्या दारात पाठवणारी वकील मी पहिल्यांदा बघितली. ताईनेच ठरवलं की याच पाहिजेत. फी ठरली ती अशी, सुरुवातीला 20 हजार, पुरावे सुरू होताना 30, शेवटी 50, एकूण 1 लाख, झेरॉक्स-टायपिंग वेगळं.

आता मुख्य काम. आम्हाला वाटायचं वकील म्हणजे कोर्टात उभं राहून बोलणार, टेबलावर हात आपटणार. तसलं काही झालं नाही. मॅडमचं निम्म्याहून जास्त काम भावोजींची कमाई किती होती हे कागदावर आणण्यात गेलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पयलीं कमायचे कागद हाडात, मागीर बाकीचें," म्हणजे आधी कमाईचे कागद आणा, बाकीचं नंतर. आम्ही म्हटलं कागद कुठले, रोखीचा धंदा, रिटर्न कधी भरलं नाही. तेव्हा त्यांनी एका जुन्या कॉज लिस्टच्या (कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसची यादी) पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, तो कागद मी अजून ठेवलाय.

हिशोब असा. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्माच्या केसमध्ये आणि 2017 मध्ये प्रणय सेठीच्या केसमध्ये फॉर्म्युला ठरवून दिलाय, देशभर तोच चालतो. महिन्याची कमाई घ्या, बारांनी गुणा. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात भर, स्वतःचा धंदा असलेला चाळिशीच्या आतला माणूस असेल तर 40 टक्के. त्यातून माणसाचा स्वतःचा खर्च वजा, अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर चौथा हिस्सा (आमच्याकडे चार: ताई, दोन मुलं, सासूबाई). उरलं त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, 36 ते 40 वयाला 15. झालं. वर थोडी ठरावीक रक्कम, अंत्यविधीची, इस्टेटीची, आणि घरच्या प्रत्येकाला सहवास गमावल्याची.

मग मॅडमनी पेनाने एक आकडा गोल केला. महिन्याच्या कमाईतला प्रत्येक हजार रुपया म्हणजे शेवटी 1 लाख 89 हजार. 1000 गुणिले 12, त्याचे 1.4 पट, त्यातला पाऊण हिस्सा, गुणिले 15. करून बघा. विमा कंपनी म्हणणार हा माणूस मजूर समजा, महिन्याला 12 हजार धरा, म्हणजे 22 लाख 68 हजार. तुम्ही 22 हजार सिद्ध केले तर 41 लाख 58 हजार. मधला सगळा फरक पावत्यांचा, भाषणाचा नाही.

त्या दिवसापासून मी पावत्या गोळा करणारा माणूस झालो. भावोजींची एक निळ्या कव्हरची डायरी होती, त्यात त्यांचं ते घाणेरडं अक्षर, "बाणावली, 2 टनी, गॅस, 2800, बाकी 800". मॅडमनी ती डायरी बघून मान हलवली, एकटी डायरी चालणार नाही, स्वतः लिहिलेली आहे, तिला टेकू पाहिजे. मग बँकेतून दोन वर्षांचं स्टेटमेंट काढलं, त्यात यूपीआयच्या एन्ट्र्या, तेराशे, अठराशे, पाचशे. मॅडमच्या ऑफिसातल्या ज्युनियर मुलीने डायरीतल्या तारखा आणि स्टेटमेंटमधल्या तारखा पेन्सिलीने जुळवल्या, तीन आठवडे लागले तिला. कॉम्प्रेसर आणि गॅस जिथून घ्यायचे त्या फोंड्याच्या दुकानदाराने बिलांच्या कॉप्या दिल्या. दोन हॉटेलवाल्यांनी वर्षाच्या मेन्टेनन्सचं लेखी दिलं, एकाने दिलं नाही, टॅक्सचं लफडं नको म्हणाला, ज्याच्या एसीसाठी भावोजी चतुर्थीच्या दिवशी जेवण टाकून गेले होते तोच. जाऊ दे.

हे सगळं करताना एक विचित्र गोष्ट झाली, ती रिव्ह्यूत बसत नाही तरी लिहितो. भावोजी किती काम करत होते हे ताईला तेव्हा कळलं. घरी यायला उशीर झाला की ती भांडायची, मित्रांबरोबर बसला होतात म्हणून. स्टेटमेंटमध्ये रात्री 9 वाजता 1500 आलेले दिसले की ती गप्प व्हायची.

बाकीच्या कागदांना तेवढा त्रास झाला नाही. गोव्यात लग्नाची नोंदणी सिव्हिल रजिस्ट्रारकडे करावीच लागते, त्यामुळे नवरा-बायको असल्याचा पुरावा एका फेरीत मिळाला, मुलांचे जन्मदाखले होतेच. सक्सेशन डीडचा, म्हणजे वारस कोण ते ठरवणाऱ्या कागदाचा, मात्र डोक्यात फार गोंधळ होता, नातेवाईक म्हणत होते आधी नोटरीकडे डीड करा, इन्व्हेंटरी (मालमत्तेच्या वाटणीची केस) घाला, मग क्लेम. मॅडमनी स्पष्ट केलं की दोन्ही वेगळं. भावोजींचं बँक खातं, घरातला हिस्सा, ते आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याने, तिथे बायको मुळातच अर्ध्याची मालकीण. हा क्लेम म्हणजे त्यांच्या जाण्याने ज्यांचं पोट उघडं पडलं त्यांची भरपाई, तिला डीडसाठी थांबायचं नाही. थांबायला वेळही नव्हता, कारण 2019 च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा घालायची अट परत आणली, एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. आमचा फेब्रुवारी 2024 मध्ये घातला. दावा अपघात झाला तिथेच घालायचा असंही नाही, घरचे राहतात तिथल्या ट्रायब्युनलमध्येही (अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट) चालतो, हे सावंतवाडी-दोडामार्गहून गोव्यात कामाला येणाऱ्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवा, प्रत्येक तारखेला पत्रादेवीची हद्द ओलांडून यायची गरज नाही.

पोलिसांचं पण एक काम असतं जे कोणी सांगत नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पहिला अपघात रिपोर्ट आणि 90 दिवसांत सविस्तर रिपोर्ट, ज्याला डार म्हणतात, तो ट्रायब्युनलला द्यायचा असतो, त्यात गाडीचा विमा, लायसन्स, साक्षीदार सगळं. मॅडम त्या डारसाठी दर सोमवारी ज्युनियरला पोलीस स्टेशनला पाठवायच्या. भांडण नाही, नुसतं जाऊन उभं राहायचं. आला शेवटी.

आता स्कूटरचं. हे वाचून एकाने जरी आपली पॉलिसी काढून बघितली तरी मला बरं वाटेल. पहिल्या भेटीत मॅडमनी स्कूटरच्या विम्याचा कागद मागितला होता. आम्ही म्हटलं चूक तर गाडीवाल्याची, आमचा विमा कशाला? तर पॉलिसीत मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो, 15 लाख, चूक कोणाची हा प्रश्नच नाही, मोठ्या क्लेमशी संबंध नाही. आम्ही खूश. कागद काढला तर स्कूटर ताईच्या नावावर. तिच्या नावाने घेतली होती वाढदिवसाला. कव्हर नोंदणीकृत मालकाला, चालवणारा नवरा असला तरी कंपनीने नाही म्हटलं. मॅडमनी लढवून देते असं खोटं आश्वासन दिलं नाही, एक पत्र लिहिलं, नकार आला, सोडून दिलं. पंधरा लाख, वाढदिवसाच्या गिफ्टमुळे. ताईला हे सांगायचं काम माझ्यावर आलं.

त्याउलट बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जायचे, प्रधानमंत्री सुरक्षा विमा, त्याचे 2 लाख मिळाले. भावोजींना ते कापले जातात हे माहीत तरी होतं की नाही कोण जाणे. घराचा पहिला आधार तोच झाला.

कोर्टाच्या तारखा. एकोणीस. इथेच एक स्टार गेला. त्यातल्या सात-आठ तारखांना काहीच झालं नाही, नोटीस लागली नाही, कंपनीचा वकील आला नाही, साहेब रजेवर, ठीक आहे, तो मॅडमचा दोष नव्हे. पण तारीख पुढे गेलीय हे आदल्या दिवशी कळलेलं असताना आम्हाला कळवलं नाही असं तीन वेळा झालं. ताई रोजंदारी बुडवून (तेव्हा ती काजूच्या फॅक्टरीत जायला लागली होती) शिरोड्याहून बस बदलून यायची आणि बाकड्यावर कळायचं, आज नाही. फोन तर मॅडम उचलतच नाहीत. व्हॉट्सॲपला दोन दिवसांनी अंगठा येतो. मी एकदा चिडून बोललो तर म्हणाल्या, तुमच्यासारखे चाळीस आहेत. खरं असेल, पण त्या चाळीसांची पण रोजंदारी बुडत असेलच की. झेरॉक्स-टायपिंगचं म्हणाल तर शेवटी 11 हजार झाले, मी तीन-चार धरले होते, आणि विचारल्यावरच हिशोब मिळाला.

पण ताईची उलटतपासणी झाली त्या दिवशी माझा सगळा राग गेला. आधीच्या शनिवारी मॅडमनी तिला बोलावून दीड तास बसवलं होतं. काय विचारतील ते सांगितलं, म्हणाल्या तो विचारेल नवरा पितो का, विचारेल तू दुसरं लग्न करणार का, विचारेल दीर पैसे पुरवतात का. चिडायचं नाही, खरं असेल ते एका वाक्यात सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. आणि कोर्टात शब्दाला शब्द तेच झालं. पिण्याचं विचारलं. ताई म्हणाली, "चतुर्थी सोडून सणाला बियर घेत होते, त्या दिवशी कामावर होते." पोस्टमॉर्टेममध्ये दारूचा अंश नव्हताच. तो वकील पुढचा प्रश्न शोधायला लागला.

कंपनीचा दुसरा मुद्दा होता की भावोजींचीही चूक, स्कूटर रस्त्याच्या मधल्या पट्ट्याला लागून होती, म्हणून 20 टक्के कापा. यावर मॅडमचा साक्षीदार होता एक पोदेर. पाव घेऊन सायकलवर त्याच रस्त्याने येत होता, त्याने बघितलं होतं. पहिल्यांदा नको म्हणाला, कोर्टाच्या भानगडीत कोण पडतो. ज्युनियर मुलगी दोनदा त्याच्या बेकरीवर गेली, शेवटी आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि गाडी कुठे होती, स्कूटर कुठे होती ते हाताने दाखवलं. मला वाटलं केस तिथेच संपली. मॅडम म्हणाल्या संपत नाही, अपघाताच्या जागेच्या नकाशात मधला पट्टा दिसतोच आहे, 20 टक्क्यांची भीती धरूनच चाला.

ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळ्या कोर्टात वेगळी चालूच आहे, तिचा याच्याशी थेट संबंध नाही. तिथे शंका राहिली तरी माणूस सुटतो, इथे कुठली बाजू जास्त पटते एवढं बघतात, त्यामुळे तो उद्या सुटला तरी ही भरपाई परत जात नाही. सासूबाईंना हे पटवता पटवता नाकी नऊ आले. त्यांना वाटायचं पैसे घेतले म्हणजे आपण त्याला माफ केलं.

सप्टेंबर 2025 ची लोकअदालत. कंपनीने तडजोडीला तयार आहोत म्हणून कळवलं. एक खोली, समोर पॅनेल, कंपनीचा ऑफिसर फोन कानाला लावून वरच्यांना विचारणार. पहिला आकडा 24 लाख. मॅडम नुसत्या हसल्या आणि डायरी-स्टेटमेंटचा जुळवलेला तक्ता पुढे ठेवला. 28. मॅडमनी पोदेराची साक्ष पुढे केली. 31. मला उठून जावंसं वाटत होतं, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात मिरच्यांचा भाव करतात तसं चाललं होतं आणि आमचा माणूस त्या मिरच्या. ताई मात्र शांत बसून होती, माझ्यापेक्षा कितीतरी शांत.

35 वर आल्यावर मॅडमनी वेळ मागितला, आम्हाला बाहेर नेलं आणि परत एक पाठकोरा कागद. 22 हजार कमाई मान्य झाली तर 41 लाख 58 हजार, वरची ठरावीक रक्कम धरून (2017 चे आकडे दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढतात, म्हणून सहवासाचे माणशी 48,400) सगळे मिळून 43 लाख 87 हजार 900. त्यातून 20 टक्के कापले तर 35 लाख 10 हजार. म्हणजे निकालाला थांबलात तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, वर दावा घातल्यापासूनचं व्याज, ते इथे सोडावं लागेल. पण मग कंपनी पर्वरीला हायकोर्टात अपील करू शकते, वर्षं जातील. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे शेवट, अपील नाही, त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही, उद्या वाटलं कमी घेतले तर परत यायचं नाही. मुलांच्या फीला आज पैसे पाहिजेत की तीन वर्षांनी जास्त पाहिजेत ते तुम्ही ठरवा, मी नाही ठरवणार.

मी तेव्हा चिडलो होतो, म्हटलं तुम्हाला फी कशाची दिली, सल्ला द्या की. आता वाटतं बरोबर केलं. ताई पाच मिनिटं जिन्यात उभी राहिली, आत गेली आणि म्हणाली 38. ऑफिसरने फोन लावला, बाहेर गेला, आला, हो म्हणाला. मॅडमनी तिच्याकडे बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

पैसे पाचेक आठवड्यांत ट्रायब्युनलच्या खात्यात जमा झाले. तुमच्या हातात सगळे येत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो, आमच्या नातेवाइकांना वाटलं 38 लाख घरी आले, दोघे उसने मागायला पण आले. मुलांचे 10-10 लाख बँकेत फिक्स, अठरा वर्षांची होईपर्यंत हात लावायचा नाही, व्याज महिन्याला शाळेसाठी ताईच्या खात्यात. ताईचे 14, त्यातले 4 हातात, बाकी टप्प्याटप्प्याच्या एफडीत. सासूबाईंचे 4. मला आधी हा बंदोबस्त जाच वाटला, उसने मागणारे बघितल्यावर मत बदललं.

सासूबाईंनी त्यांच्या पैशाला अजून हात लावलेला नाही. मात्र दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात.

ज्यांची गाडी सापडलीच नाही, ठोकून पळाली, त्यांच्यासाठी वेगळी सरकारी योजना आहे, मृत्यूला 2 लाख, अर्ज तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे, त्याला वकीलही लागत नाही, मॅडम तसल्यांना फी न घेता फॉर्म भरून देतात, बाकड्यावरच्या दोघांना तसा भरून दिलेला मी बघितला. रस्त्याचा अपघात नसेल, समजा भिंत कोसळली किंवा उघड्या वायरीचा शॉक, तर ट्रायब्युनल नाही, 1855 चा एक जुना कायदा आहे, त्याखाली सिव्हिल कोर्टात दावा, मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. कामावर मेला तर कामगार भरपाईचा वेगळा कायदा. तसली केस असेल तर मॅडम घेत नाहीत, स्पष्ट सांगून दुसऱ्याकडे पाठवतात, आमच्यासमोरच एकाला पाठवलं.

तर पाचातले चार. हिशोब कागदावर मांडून दाखवतात त्याला पाच, कमाईच्या पुराव्याच्या कामाला पाच, फोनला एक, आणि तोही दया म्हणून. सरासरी तुम्ही काढा.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, मध्ये त्या कोर्टात असतात, आणि दुपारी एक ते तीन मडगावात काहीच उघडं नसतं ते माहीतच आहे. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि पावसात निसरडा, घरातल्या म्हाताऱ्यांना पहिल्या भेटीला नेऊ नका, सहीला लागतील तेव्हा न्या. गाडीच्या विम्याचा कागद, सगळी बँक स्टेटमेंट्स आणि माणसाने हाताने लिहिलेलं जे काही असेल ते पिशवीत घालून न्या, बिलांच्या मागे लिहिलेलं पण. आमची निळी डायरी अजून कोर्टाच्या फायलीत आहे. परत मिळावी म्हणून अर्ज दिलाय, मॅडमना त्याबद्दल मेसेज केलाय, अंगठा आलाय.